नामी एकटी परतली नव्हती

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये संकटाच्या काळात जो उपदेश ऐकू येतो, त्याचा सूर बहुधा ठरलेला असतो. धीर सोडू नका, शंका घेऊ नका, डोळ्यांत पाणी आणू नका, देव तुमची परीक्षा पाहत आहे. असे सांगणाऱ्यांच्या हेतूविषयी मला काही म्हणायचे नाही. परंतु ज्याचे काढणीला आलेले सोयाबीन परतीच्या पावसात शेंगेतच उगवून गेले, ज्याच्या सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा आहे आणि त्याशिवाय सावकाराचे व्याजही चालू आहे, त्या माणसावर आपण अशा उपदेशाने आणखी एक ओझे टाकतो. दुःख तर त्याला सोसायचेच आहे. शिवाय रविवारी उपासनेला आल्यावर ते झालेच नाही असा चेहराही त्याने ठेवायचा. काही दिवसांनी तो उपासनेला येईनासा होतो, आणि मग आपण म्हणतो की त्याचा विश्वास ढळला.

माझे म्हणणे असे आहे की विश्वासात दृढ राहणे ही एकट्या माणसाच्या मनोबलाची बाब आहे असे पवित्र शास्त्र फारसे मानत नाही. पेत्राचे पहिले पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत पांगलेल्या, संख्येने थोड्या आणि शेजाऱ्यांच्या निंदेचे धनी झालेल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेले आहे. त्याच्या पाचव्या अध्यायात सैतानाविरुद्ध विश्वासात दृढ उभे राहा असे प्रेषित सांगतो, आणि त्याच वाक्यात त्याचे कारणही देतो : जगभरातल्या तुमच्या बंधुवर्गावर हीच दुःखे येत आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्याच अध्यायाचा आरंभ वडिलांनी कळप कसा सांभाळावा, तरुणांनी त्यांच्याशी कसे वागावे, सर्वांनी एकमेकांपुढे नम्र कसे राहावे, या सूचनांनी झालेला आहे. म्हणजे दृढ राहण्याची आज्ञा मंडळीच्या व्यवहाराच्या मधोमध आलेली आहे. आपण मात्र वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा कॅलेंडरवर छापतो.

या विषयावर मराठवाड्यातल्या माणसाला शास्त्रातले एकच पुस्तक वाचायला सांगायचे झाले, तर मी दुःख सोसणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकाऐवजी रूथचे पुस्तक सांगेन. ते अवघ्या चार अध्यायांचे आहे आणि त्याची सुरुवात दुष्काळाने होते. यहूदातल्या बेथलेहेमचा अलीमलेख आपली बायको नामी आणि दोन मुले यांना घेऊन पोटासाठी मवाब देशात जातो. तिथे आधी तो मरतो, पुढे मुलांची लग्ने होतात आणि मग दोन्ही मुलगेही मरतात. मागे राहतात तीन विधवा. बीड किंवा जालना जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवर हे कथानक समजावून सांगावे लागत नाही. मुकादमाकडून उचल घेऊन, लेकरे आणि म्हातारी माणसे मागे ठेवून किंवा लेकरांनाही बरोबर घेऊन साखर कारखान्यावर जाणारा कोयता, म्हणजे ऊसतोड करणारी नवरा-बायकोची जोडी, तिथे घरोघरी आहे, आणि नवरा गेल्यावर त्याच्या कर्जासकट उभी राहिलेली बाईही बहुतेक गावांत आहे.

गावाकडे पुन्हा धान्य पिकू लागल्याचे कळल्यावर नामी परत निघते. बेथलेहेमात शिरताच बाया विचारतात, ही नामीच ना? या वेळी नामी देवाचे गुणगान करीत नाही. सर्वसमर्थाने माझ्या जिवाला फार कडू दिवस दाखवले, मी भरल्या हातांनी गेले होते आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणले, असे ती भर रस्त्यात सांगते. हेच शब्द आज एखाद्या घरगुती प्रार्थनेत कोणा बाईच्या तोंडून निघाले, तर तिला गप्प करण्यासाठी निदान तिघीजणी तरी पुढे येतील. रूथच्या पुस्तकाचा लेखक तिला गप्प करीत नाही आणि एका शब्दाने दोषही देत नाही. तो तिचे बोलणे पुरे होऊ देतो आणि त्यानंतर, जणू केवळ नोंद करावी तसे, दोन गोष्टी सांगतो : तिच्याबरोबर तिची मवाबी सून रूथ होती, आणि तो सातूच्या कापणीचा आरंभ होता. मी रिकामी आले असे म्हणणारी ही बाई एकटी आलेली नव्हती. फक्त त्या दिवशी तिला ते दिसत नव्हते.

पुढे रूथ सरवा वेचायला जाते. हा सरवा शेतमालकाच्या मेहेरबानीचा नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसे वेचू नका, शेतात विसरलेली पेंढी आणायला माघारी जाऊ नका, ते परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राहू द्या, असे लेवीय आणि अनुवाद या दोन्ही पुस्तकांत नियमशास्त्राने बजावलेले आहे. देवाने विधवेच्या घासाची तजवीक तिच्या श्रद्धेचे मोजमाप करून केलेली नाही. ज्याचे पीक आले आहे त्याच्यावर बंधन घालून केलेली आहे. त्या शेताचा मालक बवाज त्या बंधनाच्याही पुढे जातो आणि पेंढ्यांतून मुद्दाम कणसे ओढून टाकायला आपल्या गड्यांना सांगतो. संध्याकाळी रूथ एफाभर सातू झोडून घरी आणते, आणि तेव्हा, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडे, नामीच्या तोंडून धन्यवादाचा पहिला शब्द निघतो : परमेश्वराने जिवंतांवर आणि मृतांवर दया करण्याचे सोडलेले नाही. वेशीतली तक्रार आणि हा धन्यवाद यांच्या मधल्या काळात तिला कोणी प्रवचन दिलेले नाही. एका सुनेने तिची पाठ सोडली नाही आणि एका शेतकऱ्याने आपल्या शेताची कड सोडली, एवढेच घडलेले आहे.

ही जुन्या करारातली गोष्ट आहे, नव्या करारात प्रत्येकाने आपला वधस्तंभ आपण उचलायचा असतो, असे कोणी म्हणेल. उचलायचाच आहे, पण गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना जवळ घेऊन माझ्याबरोबर जागे राहा अशी विनंती केली होती, आणि ते झोपी गेल्याचे त्याला वाईट वाटले होते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस प्रेषित पौल मी सुयुद्ध केले आहे, विश्वास राखला आहे, असे म्हणतो. त्याच अध्यायात तो त्रोवसात कार्पाकडे राहिलेला आपला झगा आणि पुस्तके घेऊन ये, आणि होता होईल तो हिवाळ्यापूर्वी ये, असेही लिहितो. विश्वास राखलेल्या माणसाला थंडी वाजते, सोबत लागते, आणि ते कागदावर लिहून पाठवायला त्याला संकोच वाटत नाही.

संकटात सापडलेल्या माणसाचा विश्वास सर्वांत अधिक पोखरणारी गोष्ट मला विचाराल, तर ती संकट ही नव्हे. त्या संकटाचे जे कारण त्याला बाहेरून सांगितले जाते ते. हल्ली मोबाइलवर असे उपदेशक पुष्कळ ऐकायला मिळतात, जे आजार बरा झाला नाही, नोकरी लागली नाही, बोअर कोरडा गेला, याचे खापर सरळ त्या माणसाच्या अविश्वासावर फोडतात. आणि दान पाठवल्यास चित्र पालटेल, असेही त्याच दमात सांगतात. हा जुनाच आजार आहे. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले, आणि त्यांचे सर्वांत चांगले काम तेच होते; तोंड उघडल्यावर त्यांनी जे काही सांगितले, ते परमेश्वराला मान्य झाले नाही. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हांला वाटते काय, हा प्रश्न प्रभूने स्वतः उपस्थित केला आणि स्वतःच नाही असे उत्तर दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या ज्या कोणाला त्या पहाटेची आठवण आहे, त्याने लूकच्या तेराव्या अध्यायातले हे उत्तर पाठ करून ठेवावे. पश्चात्तापाची हाक त्या उत्तराच्या पाठोपाठ आहेच; पण ती जिवंत राहिलेल्या सर्वांना आहे, ढिगाऱ्याखाली गेलेल्यांवरचा निकाल म्हणून नाही.

आता आपल्या उपासनेकडे येतो, कारण दोष फक्त मोबाइलवरच्या उपदेशकांना देऊन भागणार नाही. हंगामाच्या सणाला आपल्याकडे ज्वारीची कणसे, तुरी, भोपळे, अंडी, क्वचित कोंबडीही वेदीपुढे आणतात, आभार मानतात आणि नंतर त्यांचा लिलाव करून पैसे मंडळीच्या खात्यात जमा करतात. सण सुरेख आहे. परंतु पीक गेलेल्या वर्षी काय होते? ज्याच्या घरात आणण्याजोगे काही नाही तो त्या रविवारी येत नाही, आणि पगारदार माणसे बाजारातून विकत आणलेली भाजी वेदीपुढे ठेवतात. अंजिराचे झाड फुलले नाही, द्राक्षीला फळ आले नाही, शेतात अन्न पिकले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन, हा हबक्कूकचा उतारा त्या दिवशी आवर्जून वाचला जातो. तो वाचावाच, पण तो त्या पुस्तकाचा शेवट आहे. पहिल्या अध्यायात हाच संदेष्टा, परमेश्वरा, मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस, असे विचारतो, आणि दुसऱ्या अध्यायात बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट पाहतो. या दोन अध्यायांतून न जाता तिसरा अध्याय दुसऱ्याच्या तोंडी घालणे मला अन्यायाचे वाटते. माझ्या मते दुष्काळाच्या किंवा अतिवृष्टीच्या वर्षी हंगामाच्या सणाची उपासना विलापाच्या स्तोत्राने सुरू व्हावी, ज्या ज्या गावांचे पीक गेले त्यांची नावे प्रार्थनेत मोठ्याने घेतली जावीत, आणि वेदीपुढे आलेले धान्य लिलावात न जाता त्या घरी जावे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहते, तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे आणि प्रार्थनाच मानले गेले आहे.

दुष्काळ आपल्याला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली, सुकडी आणि मिलो ज्वारी खाल्लेली माणसे आपल्या मंडळ्यांत अजून आहेत; २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आले, हे तर शब्बाथ शाळेत मोठी झालेली मुलेही सांगतील. या माणसांना विश्वास कसा टिकला असे विचारले, तर ती सहसा तत्त्वज्ञान सांगत नाहीत. कोणी पीठ दिले, कोणी आडावर नंबर धरून ठेवला, कोणी मुलीला बोर्डिंगात घातले, असे सांगतात. त्या प्रत्येक वाक्यात कर्ता दुसरा कोणीतरी असतो, हे मला फार बोलके वाटते.

आपल्या प्रदेशातल्या मंडळीचा इतिहासही याच दिशेने जातो. ब्राह्मण कुटुंबातल्या नारायण शेषाद्रींनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाचे, श्रीपतचे, प्रकरण न्यायालयात गेले आणि तो अल्पवयीन असल्यामुळे त्याला वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. वडिलांचे दुःख खोटे नव्हते आणि नारायणरावांचेही नव्हते. एक घर मधोमध तुटले, हे दोन्ही बाजूंनी खरेच होते. पुढे हेच शेषाद्री जालन्याला आले, निजामाच्या राज्यात त्यांनी सुवार्तेचे काम उभे केले आणि जालन्याजवळ जमीन मिळवून बेथेल नावाचे गाव वसवले. बाप्तिस्मा घेतल्यामुळे ज्याचे भाऊबंद सुटले, त्याला नुसते प्रार्थनामंदिर पुरत नाही, त्याला घर, जमीन, पाणी आणि शेजारी लागतात, हे स्वतः भाऊ गमावलेल्या माणसाने ओळखले असावे, असे मी समजतो. असे मिशनकऱ्यांवर विसंबलेले गाव असावे की नसावे यावर वाद होऊ शकतो, आणि त्यातून आलेला परावलंबीपणा आपण आजही काही ठिकाणी फेडतो आहोत. तरीपण त्यामागचे निदान चुकीचे नव्हते.

आजच्या त्रासाचे एक रूप कागदावरचे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला गेला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती मात्र अजून बाहेर आहेत. मराठवाड्यातले पुष्कळ ख्रिस्ती ज्या समाजांतून आले, त्यांना गावात जातीची वागणूक पूर्वीसारखीच मिळते, पण दाखला मिळत नाही. त्यामुळे मुलाच्या प्रवेशअर्जावर धर्माच्या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न दर जून महिन्यात घराघरांत येतो. जो तिथे ख्रिस्ती लिहितो त्याचे आपण कौतुक करतो; पण ते लिहिल्यामुळे जी सवलत आणि शिष्यवृत्ती गेली, ती भरून काढण्यासाठी मंडळीचा काही निधी आहे काय? नसेल, तर जो लिहीत नाही त्याच्यावर भेकडपणाचा शिक्का मारण्याचा अधिकार आपल्याला नाही. शेजाऱ्यांच्या संशयाबद्दलही एवढेच सांगावेसे वाटते की, आशेविषयी कोणी विचारले तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या, असे पेत्र लिहितो. दुसऱ्याच्या देवाची टिंगल करून दिलेली साक्ष या सूचनेत बसत नाही, आणि संकटात शेजारी हाच पहिला धावून येणारा असतो, मग तो माळकरी असो वा नमाजी.

शेवटची गोष्ट ज्यांच्या मनात सध्या जगणेच नको असे येते त्यांच्यासाठी, कारण आपल्या भागात हा विषय टाळता येत नाही आणि मंडळीत तो लाजेपायी बोलला जात नाही. एलीया संदेष्ट्याने दुष्काळ सोसलेला होता. करीथ ओहोळ आटलेला त्याने पाहिला होता, सारफथच्या विधवेच्या मडक्यातले पीठ खाल्ले होते, कर्मेलावर विजय मिळवला होता आणि पाऊसही आणला होता. त्यानंतर तो रतामाच्या झाडाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला अविश्वासू म्हणत नाही. तो त्याला झोपू देतो, उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो, आणि पुढचा प्रवास तुला झेपणार नाही, असे म्हणतो. तेव्हा असा विचार मनात येणे म्हणजे तारण गमावणे नव्हे, हे नीट समजून घ्या. आजच्या आज कोणातरी एका माणसाला सांगा. पाळकसाहेबांना सांगता येत नसेल तर मावशीला, मित्राला, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगा. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा दिवसरात्र चालू असते, तिला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. औषध घेतल्याने विश्वास कमी होत नाही. एलीयाच्या बाबतीत देवाने पहिला इलाज भाकरीचाच केला. ज्याला असे कोणी सांगेल, त्याने उपदेश लांबवू नये. त्या रात्री त्याला एकटे सोडू नये आणि घरातली कीटकनाशकाची बाटली उचलून न्यावी.

पाळक आणि मंडळीच्या पंचांसाठी एक व्यवहाराची सूचना करून थांबतो. ऊसतोडीला गेलेली आपली कुटुंबे नाताळात फडावरच्या कोपीत असतात आणि साधारण मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. टोळी निघण्यापूर्वी त्यांच्यासाठी प्रार्थना करून, त्या कारखान्याच्या जवळ जी मंडळी असेल तिच्या पाळकांच्या नावे त्यांना पत्र द्यावे आणि आपणही त्या पाळकांना दूरध्वनी करावा. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून कोण जाईल, हे नावानिशी ठरवावे. कुटुंबे परत आली की पहिल्या रविवारी त्यांना बोलू द्यावे, आणि त्यांच्या बोलण्यात तक्रार असली तरी ती पुरी होऊ द्यावी. नाताळाची वर्गणी राहिली म्हणून त्यांचे नाव मात्र फळ्यावर लिहू नये.